जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: आधी तपासा, मग बसवा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अपडेट बंद झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो बहुतेक करून आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे २०१२ ते २०१७ च्या दरम्यान घेतलेले, स्क्रीन-कीबोर्ड धड असलेले कितीतरी लॅपटॉप घराघरांत पडून आहेत. अशा मशीनवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) छान चालतं. ते बसवायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि त्यात अवघड असं काही नाही. लोक अडतात ते त्यानंतर. पावती छापायला गेलं की प्रिंटर सापडत नाही, अर्ज लिहायला बसलं की मराठी कशी उमटवायची ते कळत नाही, आणि आठ दिवसांत लॅपटॉप परत कपाटात जातो. म्हणून बसवण्याच्या पायऱ्या इथे थोडक्यात आटपल्या आहेत. जास्त जागा दिली आहे ती आधीच्या तपासणीला आणि नंतरच्या मराठी टायपिंगला.

कोणत्या मशीनवर कोणतं मिंट

मिंटची सध्याची २२ ची मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स सिस्टिमवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. ती फक्त ६४ बिटच्या प्रोसेसरवर चालते. सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई असे तीन अवतार आहेत. आतली यंत्रणा एकच, फरक डेस्कटॉपच्या रूपात आणि वजनात. आठ जीबी रॅम असेल तर डोळे मिटून सिनॅमन घ्या. चार जीबी असेल तर एक्सएफसीई घ्या. मिंटने किमान गरज दोन जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क अशी सांगितली आहे. सुखाने वापरायला चार जीबी रॅम आणि १०० जीबी जागा हवी, असंही तेच म्हणतात. दोन जीबीवर मिंट सुरू होतं हे खरं, पण ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की मशीन घुसमटतं. तो दोष मिंटचा नाही, आजकालच्या वेबसाइटच तेवढ्या जड झाल्या आहेत.

लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर लिनक्सच्या आधी ती बदला. अडीच इंची साटा एसएसडी (चिपची, न फिरणारी डिस्क), २४० किंवा २५६ जीबीची, बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये त्याच खाचेत बसते. फिरत्या डिस्कवर कोणतीही सिस्टिम टाकली तरी ब्राउझर उघडेपर्यंत चहा होतो. एवढ्या एका खर्चाने जो फरक पडतो तो दुसऱ्या कशाने पडत नाही.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. टॅली, कोरल ड्रॉ, पेजमेकर, फोटोशॉप, ऑटोकॅड यांच्या लिनक्ससाठी आवृत्त्या नाहीत. वाइन नावाच्या थरातून विंडोजचे काही प्रोग्रॅम चालवता येतात, पण दुकानाचे हिशेब किंवा गिऱ्हाइकाचं काम त्याच्या भरवशावर ठेवू नये. यातल्या एखाद्यावर पोट अवलंबून असेल तर विंडोज शेजारी राहू द्या किंवा त्या कामाला वेगळं मशीन ठेवा. ब्राउझर, मेल, पत्रव्यवहार, एक्सेलसारखे तक्ते, पीडीएफ, व्हिडिओ कॉल, गाणी, सिनेमे एवढंच काम असेल तर काहीच अडणार नाही.

पेनड्राइव्ह तयार करणं

आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा फोटो वगैरे आधी उतरवून घ्या. मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम सामावलेली एकच फाइल) घ्या. ती साधारण तीन जीबीची असते. मोबाइलच्या नेटवर एवढी फाइल उतरवताना मध्येच तुटली आणि तशीच वापरली, तर इन्स्टॉल अर्ध्यात थांबतं आणि कारण काही सापडत नाही. म्हणून पडताळणी करा. विंडोजवर सेव्हन-झिप हा झिप फाइली उघडायचा प्रोग्रॅम असेल तर फाइलवर राइट क्लिक करून सीआरसी-एसएचएच्या यादीतला एसएचए-२५६ निवडा. जी लांबलचक अक्षरमाळ येते ती साइटवर दिलेल्या माळेशी जुळवून पाहा. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी सगळी माळ बदलते, त्यामुळे चूक असेल तर पहिल्या आठ-दहा अक्षरांतच कळते.

पेनड्राइव्हवर लिहायला बलेना एचर हे सगळ्यांत सरळ साधन आहे: फाइल निवडा, ड्राइव्ह निवडा, लिहा. लिहून झालं की विंडोज मध्येच विचारतं, ‘ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का?’ तिथे ‘कॅन्सल’ करा. त्या ड्राइव्हवरची रचना विंडोजला वाचता येत नाही म्हणून ते विचारतं. ड्राइव्ह बिघडलेला नसतो. ‘हो’ म्हटलंत तर मात्र सगळं पुन्हा लिहावं लागेल.

मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करायला चालू करता-करता एक बटण टिचकवत राहावं लागतं. डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला आधी एस्केप आणि मग एफ९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरलाही एफ१२, पण एसरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ते बटण आधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगच्या पानावर) जाऊन ‘एफ१२ बूट मेनू’ या ओळीवर ‘एनेबल’ करावं लागतं. ते केलं नसेल तर कितीही टिचकवा, विंडोजच उघडणार.

बसवण्याआधीची संध्याकाळ

पेनड्राइव्हवरून ‘स्टार्ट लिनक्स मिंट’ निवडलं की पूर्ण डेस्कटॉप समोर येतो आणि हार्ड डिस्कला हातही लागलेला नसतो. नुसता काळा पडदा आला तर परत सुरू करून ‘कॉम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा. बहुधा एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असतं तिथे असं होतं, आणि पुढे योग्य ड्रायव्हर (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला की प्रश्न सुटतो. पेनड्राइव्हवरून सगळं थोडं संथ चालणार, तेव्हा वेगावरून मत बनवू नका. बंद केलं की केलेले बदलही पुसले जातात.

या अवस्थेत एक संध्याकाळ काढा. वायफाय लागतं का पाहा. यूट्यूबवर काहीतरी लावून आवाज ऐका, हेडफोन खोचून परत ऐका. कॅमेरा आणि माइक ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलवर तपासा. उजेड कमी-जास्त करायची बटणं दाबून बघा. झाकण मिटा, दोन मिनिटांनी उघडा, पडदा परत येतो का पाहा. फोन केबलने जोडा. फोनच्या सूचनेत ‘फाइल ट्रान्स्फर’ निवडलं तरच त्यातले फोटो दिसतात, नाहीतर फोन नुसता चार्ज होत राहतो. तुमच्या बँकेच्या साइटवर लॉगिन करून पाहा. आणि प्रिंटर जोडून एक पान छापा.

वायफाय दिसत नसेल तर घाबरू नका. जुन्या लॅपटॉपमधल्या ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपला वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि तो मिळवायला इंटरनेट लागतं. हा गुंता सोडवायला घरातला अँड्रॉइड फोन पुरेसा आहे. फोन केबलने जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. मिंटला ते तारेचं इंटरनेट वाटतं आणि लगेच सुरू होतं. मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा. तो स्वतः चिप ओळखून ड्रायव्हर सुचवतो.

डिजिटल सहीचा टोकन वापरणाऱ्यांनी तो याच वेळी तपासावा. टोकनचा ड्रायव्हर लिनक्सला मिळाला तरी पोर्टलचं सही करायचं सॉफ्टवेअर पुष्कळदा फक्त विंडोजसाठी असतं. सही होत नसेल तर विंडोज पुसू नका.

प्रिंटरचा निकाल कंपनीपेक्षा मॉडेलवर ठरतो

गेल्या काही वर्षांतले वायफायचे प्रिंटर बहुतेक विनाड्रायव्हर चालतात. लॅपटॉप आणि प्रिंटर एकाच वायफायवर असले की ‘प्रिंटर्स’मध्ये तो आपोआप उगवतो. एप्सनचे टाकीवाले एल मालिकेचे प्रिंटरही सहसा त्रास देत नाहीत. एचपीसाठी एचपीलिप हा संच मिंटमध्ये असतो, पण लेझरजेट पी१००७, पी१००८, पी११०२ अशा छोट्या मॉडेलांना त्यावर कंपनीचा एक प्लगइन लागतो. ‘एचपीलिप टूलबॉक्स’ टाकून प्रिंटर जोडायला घेतला की तो प्लगइन मागतो. नेट चालू ठेवून होकार द्यायचा. प्लगइनशिवाय प्रिंटर यादीत दिसतो, काम गेलंही म्हणतो, पण कागद हलत नाही.

आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या टेबलापर्यंत दिसणारा कॅनन एलबीपी २९०० मात्र खरोखर जिकिरीचा आहे. तो कॅप्ट नावाची कॅननची स्वतःची भाषा बोलतो. कंपनीचा लिनक्सचा ड्रायव्हर जुना झाला आहे आणि नव्या सिस्टिमवर तो बसवणं नवख्याचं काम नाही. हाच प्रिंटर असेल आणि रोज छापायचं असेल, तर शेजारी विंडोज ठेवणं किंवा छपाईपुरतं दुसरं मशीन वापरणं हा सरळ मार्ग.

बसवणं

विंडोज शेजारी ठेवणार असाल तर विंडोजमध्येच तीन कामं आधी उरका. पहिलं, ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि त्या अवस्थेतल्या सी ड्राइव्हवर लिनक्सला लिहू दिलं जात नाही. फाइल दिसतात पण साठवता येत नाहीत. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवरचं बटण काय करेल ते ठरवायच्या पानावर, त्याची खूण असते. दुसरं, बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि मग ते बंद करा. तिसरं, ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून सी ड्राइव्ह आकसून निदान ५० जीबी जागा मोकळी सोडा.

पेनड्राइव्हवरून सुरू करा, चार्जर लावा आणि डेस्कटॉपवरचं ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ उघडा. भाषेच्या पानावर मराठी आहे, तरी आधी इंग्रजी ठेवा असा सल्ला आहे. अडचण आली की तिचं उत्तर शोधताना मेनूची इंग्रजी नावंच कामी येतात. सहा महिन्यांनी सरावलात की पडदा मराठी करायला एक मिनिट लागतं. कीबोर्डच्या पानावर ‘इंग्लिश यूएस’ हेच निवडा. भारतात विकले जाणारे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचे असतात. चुकून यूके निवडलंत तर ॲट आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांची अदलाबदल होते, आणि पासवर्डमध्ये ॲट असेल तर बरोबर टाइप करूनही तो चूक ठरतो. ‘मल्टिमीडिया कोडेक्स’वर खूण करा.

डिस्कच्या पानावर थांबून वाचा. ‘इरेज डिस्क’ म्हणजे विंडोजसकट सगळं जाणार. ‘इन्स्टॉल अलाँगसाइड’ म्हणजे दोन्ही राहणार. डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटाची (डिस्कच्या जोडणीची) सेटिंग बहुधा ‘रेड’वर (आरएआयडी) असते; ती ‘एएचसीआय’वर न्यावी लागते. मात्र विंडोज ठेवायचं असेल तर ती तशीच बदलू नका, विंडोज निळा पडदा दाखवून अडून बसतं. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून ‘सेफ बूट’वर खूण करा, मशीन बंद-चालू करताना बायोसमध्ये बदल करा, एकदा सेफ मोडमध्ये जाऊ द्या, मग खूण काढा.

सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी बायोसमधली सोय) चालू असलेल्या मशीनवर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. तो लॉगिनचा नव्हे. पुढच्या सुरुवातीला ‘एमओके मॅनेजमेंट’चा निळा पडदा येतो आणि एखादं बटण दाबायला जेमतेम दहा सेकंद देतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड टाकायचा. हा क्षण हुकला तर मिंट सुरू होतं, पण एनव्हिडिया किंवा ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर लागत नाही, आणि माणूस ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतो.

दोन्ही सिस्टिम ठेवल्यात तर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलेलं दिसेल. मशीनमधल्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज ती स्थानिक समजतं. आपली वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून नेमका तेवढाच फरक. बॅटरी गेलेली नाही. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबा, की जागेवर येतं.

मराठी टायपिंग

इथे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही एकदम धरले की घोळ होतो. एक रस्ता इन्स्क्रिप्टचा: प्रत्येक कळीला एक देवनागरी अक्षर. दुसरा रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याचा. नोकरीच्या परीक्षेसाठी किंवा कार्यालयात इन्स्क्रिप्ट शिकला असाल तर पहिला घ्या. ज्यांना बोटांनी इंग्रजीच येतं त्यांनी दुसरा.

इन्स्क्रिप्टसाठी काहीच उतरवावं लागत नाही. ‘कीबोर्ड’मध्ये ‘लेआउट्स’वर जा, अधिकचं चिन्ह दाबा आणि भारताच्या यादीतून ‘मराठी, एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट’ घ्या. इंग्रजी यादीत वर राहू द्या. मग ‘ऑप्शन्स’मध्ये ‘स्विचिंग टू अनदर लेआउट’ उघडून अल्ट-शिफ्टसारखी जोडी ठरवा.

हात बसलेला नसेल तर ही मांडणी लक्षात ठेवायला सोपी आहे: स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. ‘मराठी’ हा शब्द असा पडतो: सी वर म, जे वर र, ई वर काना, शिफ्ट धरून एकेरी अवतरणचिन्हाच्या कळीवर ठ, आणि आर वर दीर्घ वेलांटी. हलन्त म्हणजे पाय मोडायची कळ डी. ळ साठी शिफ्ट-एन, ण साठी शिफ्ट-सी, श साठी शिफ्ट-एम.

विंडोजवरून आलेल्यांना एक फरक जाणवतो. तिथे शिफ्ट धरून पाच, सहा, सात, आठ या कळींवर ज्ञ, त्र, क्ष, श्र तयार मिळायचे. लिनक्सच्या या लेआउटमध्ये एका कळीतून एकच चिन्ह निघतं, म्हणून जोडाक्षर सुटं करून लिहायचं. क्ष म्हणजे के, डी, शिफ्ट-स्वल्पविराम. त्र म्हणजे एल, डी, जे. ज्ञ म्हणजे पी, डी, शिफ्ट धरून उजवा चौकटी कंस. दोन दिवस जड जातं, मग बोटं आपोआप वळतात.

खास मराठीची अडचण म्हणजे ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘सुऱ्या’ यातला आडवा र. साधा र, हलन्त आणि य लिहिलं तर ‘सूर्या’सारखा रफार डोक्यावर चढतो. आडव्या र साठी खाली टिंब असलेला ऱ लागतो: शिफ्ट-जे, मग डी, मग य ची कळ म्हणजे स्लॅश. ‘दुसऱ्या’ हा पूर्ण शब्द ओ, जी, एम, शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई असा होतो. जुन्या फाइलींमध्ये हाच आकार साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहिलेला असतो. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी शब्द वेगळे. म्हणून फाइलमध्ये समोर ‘दुसऱ्या’ दिसत असूनही शोधल्यावर सापडत नाही. शोधायचा शब्द टाइप न करता त्याच फाइलमधून कॉपी करून शोधा.

रोमनवाल्यांनी ‘सिनॅप्टिक’ या पॅकेजं बसवायच्या प्रोग्रॅममधून आयबस (टायपिंगच्या पद्धती सांभाळणारं साधन) आणि आयबस-एम१७एन ही दोन पॅकेजं टाकावीत. ‘इनपुट मेथड’ उघडून आयबस निवडा आणि लॉगआउट करून परत आत या. नुसतं खिडकी बंद करून चालत नाही. इथेच पुष्कळ जण फसतात. मग आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘इनपुट मेथड’च्या पानावर मराठी जोडा. यादीत आयट्रान्स, फोनेटिक आणि गमभन अशा पद्धती मिळतात. आयट्रान्समध्ये लहान टी ने त, मोठ्या टी ने ट. तसंच मोठा डी म्हणजे ड, मोठा एन म्हणजे ण, मोठा एल म्हणजे ळ. आयबसमध्ये भाषा बदलायची मूळ जोडी विंडोजची कळ आणि स्पेस ही आहे.

हा रस्ता घेतलात तर ‘लेआउट्स’च्या यादीतून मराठी इन्स्क्रिप्ट काढून टाका. दोन्ही चालू राहिले तर लेआउट मराठीत अडकतो, त्यावर आयबस रोमनची वाट बघत बसतो, आणि पडद्यावर भलतंच काही उमटतं. पासवर्डच्या चौकटीतही हाच सापळा असतो. मराठी चालू असताना स्क्रीन लॉक झाली की बरोबर पासवर्डही नाकारला जातो. चौकटीजवळचं भाषेचं छोटं चिन्ह आधी बघा.

लिबरऑफिस रायटरमध्ये ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, मग भाषांच्या विभागात जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करा आणि तिथे मराठी निवडा. याने दोन गोष्टी साधतात. एक म्हणजे मराठी वळणाचे ल आणि श. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे हे कळलं तरच मराठी वळण येतं. दुसरी गोष्ट आकाराची. रायटर लॅटिन अक्षरांचा फॉन्ट व आकार वेगळा ठेवतो आणि देवनागरीचा वेगळा. स्टाइलमध्ये वरच्या रकान्यात १४ केलं आणि मराठी मजकूर मात्र बाराचाच राहिला, असं दिसलं तर कारण हे. स्टाइलच्या ‘फॉन्ट’ पानावर देवनागरीचा वेगळा रकाना असतो, तिथे आकार बदला.

बाहेरून आलेल्या वर्डच्या फाइलमध्ये मंगल फॉन्ट असतो, तो मिंटमध्ये नसतो. त्याच्या जागी दुसरा बसतो आणि पानं सरकतात. छापायची फाइल कोणाला देताना म्हणूनच पीडीएफ करून द्या. आणि उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा खच दिसला तर ती फाइल श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमधली आहे. त्या फॉन्टच्या जुन्या आवृत्त्या इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार ठेवतात. तोच फॉन्ट तुमच्याकडे असेल तर फॉन्टच्या फाइलवर डबल क्लिक करून ‘इन्स्टॉल’ दाबा, मजकूर वाचता येईल. पण तो शोधता येणार नाही की मेलमध्ये चिकटवता येणार नाही. त्यासाठी युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) रूपांतर करावंच लागतं, आणि रूपांतरानंतर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी नजरेखालून घालावीच लागते, कारण चुका नेमक्या तिथेच होतात.

रुपयाच्या चिन्हासाठी ‘इंग्लिश, इंडिया, विथ रुपी’ हा लेआउट घेतला की उजवा अल्ट आणि चार दाबून ₹ येतो.

सॉफ्टवेअर आणि अपडेट

नवीन काही हवं असेल तर ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’. एकच प्रोग्रॅम तिथे कधी कधी दोन रूपांत दिसतो: सिस्टिम पॅकेज आणि फ्लॅटपॅक. सिस्टिम पॅकेज लहान आणि थोडं जुनं. फ्लॅटपॅक ताजं, पण पहिल्यांदा टाकताना सोबतचा पाया धरून कित्येकशे एमबी उतरवतं. डिस्क लहान असेल तर आधी सिस्टिम पॅकेज बघा. फायरफॉक्स मिंटबरोबरच येतो. क्रोम हवा असेल तर गुगलच्या साइटवरची डेब फाइल घेऊन डबल क्लिक करा. कुठूनतरी उचललेल्या आज्ञा टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चिकटवू नका, विशेषतः सुडोने सुरू होणाऱ्या. सुडो म्हणजे मशीनच्या सगळ्या किल्ल्या त्या आज्ञेच्या हातात देणं.

अपडेट सुरू करण्याआधी ‘टाइमशिफ्ट’ हे सिस्टिमच्या प्रती काढून ठेवणारं साधन उघडा. आरसिंक पद्धत निवडा, रोजच्या तीन आणि आठवड्याच्या दोन प्रती ठेवायला सांगा आणि पहिली प्रत लगेच काढा. पहिलीला दहा-पंधरा जीबी जागा लागते. नंतरच्या प्रती फक्त बदललेल्या फाइलींपुरती जागा घेतात. टाइमशिफ्टची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवायची तर ती डिस्क ईएक्सटी४ सारखी लिनक्सची असावी लागते, विंडोजच्या एनटीएफएसवर तो लिहीत नाही.

यात एक मोठा गैरसमज आहे आणि त्याने माणसांचे वर्षानुवर्षांचे फोटो गेले आहेत. टाइमशिफ्ट सिस्टिम जपतो, तुमच्या फाइली नव्हे. होम फोल्डर तो मुळात वगळतो. फोटो, कागदपत्रं, हिशेब यांची प्रत वेगळी काढा: ‘बॅकअप टूल’ वापरून किंवा सरळ बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून. या प्रतीसाठी एनटीएफएस किंवा एक्सफॅटची डिस्क चालते.

अडलं तर

पडदा गोठला, माउस हलतो पण काही दाबलं जात नाही, असं सिनॅमनमध्ये झालं तर कंट्रोल-अल्ट-एस्केप दाबा. डेस्कटॉप नव्याने सुरू होतो आणि उघड्या खिडक्या तशाच राहतात, न साठवलेलं पत्रही वाचतं. पॉवरचं बटण दाबून धरणं हा शेवटचा उपाय.

अपडेटनंतर मशीन सुरूच होत नसेल तर बहुधा नव्या कर्नेलचं (सिस्टिमच्या गाभ्याचं) आणि तुमच्या मशीनचं जमलेलं नसतं. चालू करता-करता एस्केप टिचकवा (जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरा), ग्रबचा (काय सुरू करायचं ते विचारणारा) मेनू येईल. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नेल असतो, तो निवडा. त्यावर नीट चाललं तर ‘अपडेट मॅनेजर’च्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘लिनक्स कर्नेल्स’ उघडून नवा काढून टाका.

तेवढ्यानेही जमलं नाही तर सुरुवातीचा पेनड्राइव्ह लावा. त्यावरून मशीन सुरू करून ‘टाइमशिफ्ट’ उघडलं की तो डिस्कवरच्या प्रती शोधतो. बिघडायच्या आदल्या दिवसाची निवडून ‘रिस्टोअर’ करा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर मिंटचा पर्यायच दिसेनासा झाला असेल तर आधी बायोसमध्ये बूटचा क्रम पाहा, कारण बरेचदा फक्त क्रम बदललेला असतो. क्रम बरोबर असूनही मिंट येत नसेल तर त्याच पेनड्राइव्हवर ‘बूट रिपेअर’ आहे. इंटरनेट जोडून त्यातली ‘रेकमेंडेड रिपेअर’ चालवा. एवढ्यासाठी तो पेनड्राइव्ह पुसू नका. त्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवून लॅपटॉपच्या बॅगेतच ठेवा.